करुणाताईंची पेन्सिलीची खूण

फाईल मागच्या बाजूनं उघडणारं माणूस मी माझ्या सगळ्या नोकरीत एकच पाहिलं. करुणाताई आढाव.

आता फाईलचं एवढं काय, असं म्हणाल. सांगते. मी न्यू जर्सीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात वॉर्ड क्लार्क होते. घर पिस्कॅटवेला, तिथून बसनं वीस मिनिटं. माझं शिक्षण नाशिकला अकरावीपर्यंत, त्यातही गणित राहिलेलं. इंग्रजी शिकले ती पेशंटच्या फायली वाचून. त्यामुळे मला ‘लिव्हर’ आणि ‘डिस्चार्ज’ आधी लिहिता यायला लागलं आणि दुकानात जाऊन मिरची मागणं मागाहून जमलं.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची गोष्ट. वॉर्डात कॉम्प्युटर नव्हते. प्रत्येक पेशंटची एक जाडजूड फाईल असायची, आत रंगीत पुठ्ठे घालून भाग पाडलेले. पुढं डॉक्टरांच्या नोंदी, मग रिपोर्ट, मग औषधं आणि सगळ्यांत शेवटी, हिरव्या पुठ्ठ्यामागं, नर्सेसच्या नोंदी. कागद लावायचं काम माझं, म्हणून मला ठाऊक. डॉक्टरांची पानं चुरगळलेली, कॉफीचे डाग पडलेली असत. हिरव्या पुठ्ठ्यामागची पानं मात्र करकरीत, जशी लावली तशीच. नर्सेस लिहायच्या, मी लावायचे, आणि पेशंट घरी गेला किंवा देवाघरी गेला की फाईल तळघरात जायची. ती पानं कोणी उघडतच नसे.

करुणाताई यायच्या, फाईल पालथी घालायच्या आणि शेवटापासून वाचायला लागायच्या. त्या नर्सिंगच्या मुलींना शिकवायच्या. शिकाऊ पोरीनं लिहिलेली ओळन् ओळ वाचून झाली की छातीवरच्या खिशातली पेन्सिल काढून समासात एक बारीकशी खूण करायच्या. तांदळाच्या दाण्याएवढी. मी एकदा विचारलं, ही खूण कशाची? म्हणाल्या, “वाचलं म्हणून. अगं कुसुम, लिहिणारीला कळायला नको का, कोणीतरी वाचलं ते?”

त्या मूळच्या नगरच्या, मराठी ख्रिश्चन. वडील शाळामास्तर. नर्सिंग मिरजेला केलेलं, आणि साठच्या दशकात इथं आलेल्या, एकट्या. लग्न केलं नाही, का केलं नाही ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. उंची पाच फूट असेल नसेल. केसांना तेल, पायात पांढरे बूट, ते दर रविवारी चर्चहून आल्यावर स्वतः पांढरे करायच्या. अमेरिकन नर्सेसनी तेव्हा डोक्यावरच्या टोप्या काढून टाकल्या होत्या, त्याचं करुणाताईंना काही वाटलं नाही. पण छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. म्हणायच्या, मनगटावरचं घड्याळ आपल्यासाठी असतं, हे पेशंटची नाडी मोजण्यासाठी. आणि थर्मासात आल्याचा चहा. दोन कप आणायच्या, दुसरा माझा.

मराठी मंडळात मीच त्यांना ओढून नेलं. आमच्याकडं तेव्हा बहुतेक डॉक्टर आणि इंजिनीअर मंडळी. कार्यक्रम कोणाच्या तरी घरी. पुरुष खाली बेसमेंटमध्ये, बायका वर किचनमध्ये, असा शिरस्ता. वर्तकांच्या घरी दिवाळीला आम्ही गेलो. डॉक्टर वर्तक म्हणजे आमच्याच हॉस्पिटलातले मोठे हार्ट स्पेशालिस्ट. वर्तकवहिनींनी करुणाताईंची ओळख करून दिली ती अशी, “या पण मेडिकल लाइनमध्येच आहेत हं.” तो ‘पण’ सगळ्यांना नीट ऐकू आला. खाली डॉक्टरमंडळी पेशंटच्या गोष्टी सांगत बसलेली, तिथं बाईनं कसं जायचं? वर साड्यांच्या आणि मुलांच्या मार्कांच्या गप्पा, तिथं यांचं काय काम? थोड्या वेळानं पाहते तर करुणाताई बेसमेंटच्या जिन्यावर मधल्या पायरीवर बशी घेऊन बसलेल्या. मी म्हटलं, अहो इथं काय? तर म्हणाल्या, “बरं आहे इथं. दोन्हीकडचं ऐकू येतं.”

मला वाटतं, त्यांच्या बुधवारच्या वर्गाचं सगळं सार त्या पायरीत होतं.

तो वर्ग मिळवायला त्यांनी तीन वर्षं पत्रं लिहिली. शेवटी मेडिकल कॉलेजवाल्यांनी हो म्हटलं. दर बुधवारी दुपारी दोनला, आमच्या वॉर्डाच्या टोकाच्या खोलीत, वर्तुळात मांडलेल्या बारा खुर्च्या. डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाची मुलं, नर्सिंगची, फार्मसीची आणि फिजिओथेरपीची. वॉर्डातला एक पेशंट घ्यायचा आणि त्याच्याबद्दल ज्याला जे माहीत असेल ते टेबलावर ठेवायचं. एकाच जातीचे, म्हणजे एकाच शाखेचे, दोघं शेजारी बसायचे नाहीत हा नियम. “पेशंट एकच आहे ना?” त्या म्हणायच्या, “मग आपण चौघं चार खोल्यांत बसून त्याच्याबद्दल का शिकतो?”

पहिल्याच दिवशी प्रत्येकाला विचारलं, शेजारच्याचं नाव काय. नर्सिंगच्या मुलींना डॉक्टर मुलांची नावं येत होती. डॉक्टर मुलांना एकीचंही येईना. त्या एकाच वॉर्डात महिनाभर रोज सकाळी एकमेकांना ओलांडून गेलेल्या माणसांची ही गोष्ट.

ही डॉक्टरकीची मुलं यायची तीच दहा मिनिटं उशिरा. आखूड पांढरे कोट, खिशात पुस्तकं कोंबलेली, दाराजवळच्या खुर्च्यांवर नजर. पहिला प्रश्न ठरलेला, हे परीक्षेत येणार का? नाही म्हटलं की पेनं बंद. एकजण तर मांडीवर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायचा. वाईट मुलं नव्हती हो. पण त्यांना कोणीतरी सांगून ठेवलेलं होतं की शिडीच्या वरच्या टोकाला तुम्ही, आणि बाकीचे ती शिडी धरायला.

सत्र संपलं की सगळ्यांकडून मतं लिहून घ्यायची, नावाशिवाय. ती टाइप करायला माझ्याकडं यायची. अजून आठवतात. ‘मी चादरी घालायला मेडिकल स्कूलला आलो नाही.’ ‘वेळेचा अपव्यय.’ ‘नर्सेस चांगल्या आहेत पण त्यांनी त्यांचं शिकावं.’ आणि नर्सिंगच्या एका मुलीनं लिहिलेलं, ‘मी बोलायला लागले की ते घड्याळ बघतात.’ टाइप करताना जरा सौम्य करू का, असं मी करुणाताईंना विचारलं. म्हणाल्या, ताप उतरलेला दाखवायला थर्मामीटर झटकतात का?

एकदा मात्र त्यांनी गंमत केली. एका सहा फुटी मुलाला, जो सारखा ‘चार नंबरचं पित्ताशय’, ‘सात नंबरचा पाय’ असं म्हणायचा, त्याला गाऊन घालून पलंगावर झोपवलं. कठडे वर केले, घंटी हाताला येणार नाही अशी ठेवली, पडदा ओढला आणि बाहेर वर्ग सुरू. वीस मिनिटं त्याच्याबद्दलच बोलत होत्या, तो ऐकतोय हे ठाऊक असून. पडदा उघडला तेव्हा मुलगा लाल झालेला. काय शिकलास, विचारलं. तो म्हणाला, छताला ओल आली आहे. सगळे हसले. पण पुढच्या बुधवारी तो वेळेवर आला आणि पेशंटना नावानं हाक मारायला लागला. करुणाताई त्या एका पोरावर आठवडाभर खूश होत्या.

आता समीरकडं येते. यायलाच हवं.

समीर वर्तक, डॉक्टर वर्तकांचा मुलगा. तीन वर्षांचा असताना इथं आलेला. मराठी कळायचं, उत्तर इंग्रजीत. मला ‘कुसुममावशी’ म्हणायचा आणि वॉर्डात बाकीच्यांसमोर ‘एक्स्क्यूज मी’. हुशार, वडिलांसारखाच गोरा आणि वडिलांसारखाच घाईत. ही सगळी मुलं मोठ्या परीक्षेला बसणार होती, शुक्रवारी. त्यांनी अर्ज केला की परीक्षेच्या आठवड्यात बुधवारचा वर्ग रद्द करावा. करुणाताईंनी नाही म्हटलं. डीनच्या ऑफिसातून फोन आला, त्यालाही नाही. पेशंटला परीक्षेची सुट्टी नसते, म्हणाल्या.

मग वर्तकवहिनींनी मला फोन केला. “कुसुम, तुझं ऐकतील त्या. समीर दोन आठवडे नीट जेवलेला नाही गं.”

आणि मी गेले. दुपारी चहाच्या वेळी, त्यांच्याच थर्मासातला चहा पिता पिता मी म्हटलं, “करुणाताई, पोरांची परीक्षा आहे हो.”

बस, एवढंच. अमेरिकन डीनसमोर न वाकलेली बाई त्या एका वाक्यापुढं वाकली. आपल्या माणसांना हे वाक्य कसं लागतं ते आपल्यालाच माहीत. परीक्षा म्हटली की घरात रेडिओ बंद, पाहुणे परत, आजारी माणूससुद्धा हळू खोकणार. त्या म्हणाल्या, त्यांचे वडील मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत घरातली प्रार्थनादेखील ओठांतल्या ओठांत करायला लावायचे. मग म्हणाल्या, “बरं. एक बुधवार.”

त्या आठवड्यात आमच्याकडं मिसेस डॉबिन्स म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या, काळ्या, उंच, मोठ्यानं हसणाऱ्या. हृदय थकलेलं, पायांना सूज. बुधवारच्या वर्गासाठी त्यांचीच निवड झाली होती. त्यांना पाहणारी शिकाऊ नर्स डोना, एकोणीस वर्षांची, आवाज इतका बारीक की फोनवर मला तिचं नाव दोनदा विचारावं लागायचं. आणि त्यांना पाहणारा डॉक्टरकीचा विद्यार्थी समीर.

मंगळवारी सकाळी डोनानं पाहिलं की बाईंनी नाश्त्याला हात लावला नाही. बाई म्हणाल्या, मळमळतं, आणि दिव्याभोवती सगळं पिवळं दिसतं. आणि हळूच पर्समधली बाटली दाखवली. हॉस्पिटलातली हृदयाची गोळी वेगळ्या रंगाची होती, तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून घरची गोळीही त्या रोज घेत होत्या. म्हणजे चार दिवस दुप्पट. पिवळं दिसणं म्हणजे ती गोळी अंगात जास्त झाल्याची खूण, पण डोनाला ते माहीत नव्हतं. ज्याला माहीत असायला हवं होतं त्याच्याकडं ती गेली. माझ्या टेबलासमोर, माझ्यापासून दोन हातांवर, ती समीरला म्हणाली की मिसेस डॉबिन्सचं काहीतरी बरोबर नाही, आणि त्यांच्याकडं स्वतःच्या गोळ्या आहेत. समीरच्या हातात पुस्तक होतं. त्यानं वर न बघता म्हटलं, “तुझ्या नोट्समध्ये लिहून ठेव.”

तिनं लिहिलं. स्वच्छ अक्षरात, पाच ओळी. मीच तो कागद हिरव्या पुठ्ठ्यामागं लावला. समीरनं पुढच्या भागात लिहिलं, ‘मळमळ, बहुधा काळजीमुळे.’ फार्मसीच्या मुलीच्या वहीत होतं की बाईंनी घरच्या गोळ्यांची बाटली इथं येण्याआधी नुकतीच दुकानातून भरून आणली आहे, ती ते बुधवारी सांगणार होती. त्या मजल्यावर कायमच्या नर्सेस दोन, पेशंट तीस. आणि डोनानं ठरवलेलं की वरच्यांना सारखं त्रास देण्यापेक्षा बुधवारी टेबलावर सगळं ठेवू. तेच तर तिला शिकवलं होतं.

बुधवारी वर्ग नव्हता. रद्द झाल्याची चिठ्ठी मंगळवारी मुली घरी गेल्यावर लागली होती. करुणाताई रोज अकराच्या सुमाराला आदल्या दिवसाच्या नोंदी वाचत, बुधवारी वर्गाची तयारीही त्यातच होई. त्या दिवशी किती महिन्यांनी त्यांनी रजा घेतली आणि जर्सी सिटीला एका मैत्रिणीकडं गेल्या.

गुरुवारी सकाळी साडेदहाला मिसेस डॉबिन्सचं हृदय थांबलं. बरीच धावपळ झाली, यंत्रं आली. समीरही धावला, त्यानंही छाती दाबली, घामानं कोट ओला होईपर्यंत. काही उपयोग झाला नाही. दुपारी त्यांची मुलगी सामान घ्यायला आली, पर्समधून बाटली निघाली, आणि मग कोणीतरी पहिल्यांदा हिरवा पुठ्ठा उलटला.

चौकशीची मीटिंग पुढच्या आठवड्यात झाली. फायली घेऊन मला आत बसवलेलं, बोलायला नाही, कागद द्यायला. लांब टेबल, पलीकडं डॉक्टर, त्यांत डॉक्टर वर्तकही. अलीकडं करुणाताई आणि डोना. समीर मध्ये. तिथं कोणी कोणाच्या शेजारी बसावं याचा नियम नव्हता, आपोआप बसले होते.

डोनाला विचारलं, तू कोणाला सांगितलंस? तिनं समीरकडं बोट नाही केलं, फक्त बघितलं आणि म्हणाली, यांना. समीरला विचारलं. तो टेबलाच्या लाकडाकडं बघत म्हणाला, आठवत नाही. डॉक्टर वर्तकांनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे सांगितलं की लिहिणं म्हणजे कळवणं नव्हे, विद्यार्थिनीनं आपल्या वरिष्ठ नर्सला सांगायला हवं होतं. माना हलल्या. डोनाचं सगळं शिक्षण त्या माना हलण्यावर अवलंबून होतं.

करुणाताई उठल्या. इंग्रजीत बोलल्या, सावकाश, वर्गात बोलायच्या तशा. म्हणाल्या, “हिनं जिथं सांगायचं होतं ते टेबल बुधवारी दोन वाजता मांडलेलं असतं. ते मी काढून घेतलं. माझं नाव लिहा.”

कोणी त्यांना हे विचारलं नव्हतं की का काढलंत. त्यांनीही सांगितलं नाही. मी फाईल मांडीवर धरून बसले होते. मी ऐकलेलं होतं, दोन हातांवरून ऐकलेलं होतं. मला कोणी विचारलं नाही हे खरं. मी मान वर केली नाही हेही खरं. वर्तकवहिनींच्या घरी पुढच्या महिन्यात हळदीकुंकू होतं, हेसुद्धा तेव्हा माझ्या डोक्यात येऊन गेलं. लाज वाटते लिहिताना, पण आलं.

डोनाला काढलं नाही. पण ईस्टरच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. कोणी म्हणालं, मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात लागली. बुधवारचा वर्ग बंद झाला. कारण लिहिलं होतं, ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद पाहता’. करुणाताईंना शिकवण्याच्या कामावरून काढून दुसऱ्या गावच्या वृद्धाश्रमात पाठवायचं ठरलं. त्या खोलीत सलाइनचे स्टँड आणि मोडक्या व्हीलचेअर ठेवायला सुरुवात झाली.

समीर परीक्षेत उत्तम मार्कांनी पास झाला. वहिनींनी पेढे वाटले. मी एक घेतला.

मग सत्राअखेरचे मतांचे कागद आले, नेहमीसारखे नावाशिवाय. आता वर्गच उरला नव्हता, पण कागद टाइप करायचेच. त्यात एक होता. सगळे प्रश्न रिकामे, आणि खाली एकच ओळ, ‘त्या बुधवारचा वर्ग रद्द करायला नको होता.’ नाव नाही. पण मी फायलींमध्ये आयुष्य काढलेली बाई, मला अक्षर कळत नाही होय? ‘टी’ची ती लांब आडवी रेघ, ती घाई, समीरचीच.

मी तो कागद घेऊन करुणाताईंकडं गेले. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. वर्गाच्या खोलीत मोडक्या व्हीलचेअर सरकवून जागा करून आम्ही बसलो. त्यांनी कागद वाचला, घडी घातली, मला परत दिला. मग मी एका दमात सगळं सांगितलं, मंगळवारचं, टेबलासमोरचं, ‘लिहून ठेव’ म्हणालेलं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. राग नव्हता. थकलेल्या पेशंटकडं बघतात तसं.

“कागदावर डोनानंही लिहिलंच होतं, कुसुम,” त्या म्हणाल्या.

चहा त्यांनी त्या दिवशीही दिला. मी तो तसाच थंड होऊ दिला.

शेवटच्या दिवशी त्या वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटला नावानं भेटून आल्या. माझ्या टेबलावर तळघरात जायच्या फायलींचा गठ्ठा बांधून ठेवलेला होता. चौकशी संपली म्हणून मिसेस डॉबिन्सची फाईलही त्यात होती. करुणाताईंनी सुतळी सोडली. फाईल काढली, पालथी घातली, मागून उघडली. डोनाच्या पाच ओळी. उभ्या राहून वाचल्या, एकेका शब्दावर थांबत. आधीच्या सगळ्या पानांवर समासात तांदळाचे दाणे होते, रोजचे. या पानावर नव्हता.

त्यांचा हात खिशाकडं गेला. पेन्सिल निघाली. टोक कागदाला लागलं की नाही मला दिसलं नाही. मग त्यांनी पेन्सिल परत खिशात ठेवली, घड्याळाच्या मागं.

फाईल मिटून त्यांनी गठ्ठ्यात ठेवली, सुतळी बांधली, गाठ नीट बसली की नाही ते ओढून पाहिलं. “घेऊन जा म्हणावं खाली,” म्हणाल्या, आणि थर्मास उचलून चालू लागल्या. लिफ्ट येईपर्यंत त्यांची पाठ दिसत होती. बूट पांढरे होते, रविवारचे.